वासाचं प्रकरण

नॉटिंगहॅम
२० जानेवारी १९९१

ती. दादास,
प्रमोदिनीचा नमस्कार. सुप्रभावहिनींनाही सांग.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू पत्र बाजूला ठेवलं नसशील, असं धरून लिहिते आहे. गेल्या तीन-चार वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही. वहिनींचं दिवाळीचं कार्ड येतं, त्यावर तुझं नावसुद्धा त्यांच्याच अक्षरात असतं. मी तुझ्यावर रागावले होते आणि अजूनही थोडी रागावलेलीच आहे. पण आज भांडायला बसलेली नाही. माझं तुझ्याकडे काम आहे.

यशोधन मेडिकलला गेला आणि घर रिकामं झालं तशी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले, हे वहिनींकडून कळलं असेल. पुण्याच्या माझ्या एम.ए.ला इथे कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, म्हणून पहिलीपासून सुरुवात केली. आता केंब्रिजला पार्टटाइम पीएचडी करते आहे. दर पंधरवड्याला ट्रेनने जाते, सुपरवायझरबाईंची बोलणी खाते आणि परत येते. विषय ऐकून हसू नकोस. प्राचीन इजिप्तमधलं युद्ध. तुझ्या बहिणीने आयुष्यात झुरळ मारलं नाही, आणि ती युद्धावर प्रबंध लिहिते आहे.

कोणता राजा जिंकला, रथ किती होते, हे सगळं लोकांनी लिहून ठेवलेलं आहे. मला ते नको. युद्ध कानाला कसं लागत होतं, नाकाला, जिभेला, कातडीला, ते मला त्यांच्या चित्रांतून आणि लिखाणातून शोधायचं आहे. एका थडग्याच्या भिंतीवर वेढ्याचं चित्र आहे, चार हजार वर्षांहून जुनं. बाहेर शत्रू तटाच्या पायाशी पहारी चालवतो आहे. आत बायका जखमी माणसांना सावरताहेत, आणि एक जण खाली वाकून कान लावून बसला आहे. खणल्याचा आवाज कुठून येतो ते तो ऐकतो आहे, असं आम्ही समजतो. चित्रकाराला दगडात आवाज काढता येईना, म्हणून त्याने ऐकणारा माणूस काढला. मी त्या फोटोसमोर तासन्‌तास बसते.

आणखी एक गंमत. एका पपायरसवर डोंगरातल्या वाटेने जाणाऱ्या फौजेतल्या माणसाची भीती सांगितली आहे. केस उभे राहतात आणि जीव हातात येऊन पडतो, अशा अर्थाचं काहीतरी. सुपरवायझरबाई म्हणाल्या, फार चमत्कारिक कल्पना आहे. मी म्हटलं, चमत्कारिक काय त्यात, आमच्याकडे घाबरलेला माणूस जीव मुठीत धरूनच पळतो. बाईंनी ते टिपून घेतलं. त्या दिवशी बोलणी खावी लागली नाहीत.

आता काम. दादा, माझ्या ओळखीत खरी लढाई पाहिलेला तूच एक आहेस. एकाहत्तर सालचं तू घरात कधी बोलला नाहीस. विषय निघाला की तू आंब्याचे भाव काढायचास. पण आता मला ते माझ्या कामासाठी हवं आहे. तोफेचा आवाज आधी कानाला कळतो की पोटाला? भीतीची तोंडाला चव येते का, आणि कसली? तोफेच्या दारूचा वास कपड्यांतून किती दिवस जात नाही? माणसं ओरडतात ती ओळखू येतात का, की सगळे आवाज सारखेच होतात? जे आठवेल ते लिही. नाव घालणार नाही.

इकडे थंडी मरणाची आहे. पद्माकर बरे आहेत. हॉस्पिटलमध्ये वॉर्ड रिकामे करून ठेवायला सांगितलं आहे, त्या गडबडीत असतात. फोन अडवून ठेवायचा नाही असा त्यांचा हुकूम आहे, त्यामुळे मंडळातल्या बायका दुखावल्या आहेत. हळदीकुंकवालाही गेले नाही. घरातून हलावंसं वाटत नाही. दाराची बेल वाजली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि उठत कुणीच नाही. कारण फौज अशा बातम्या फोनवर देत नाही, माणसं घरी पाठवते.

लिहूनच टाकते. यशोधन सौदीत आहे. डिसेंबरमध्ये त्याच्या मेडिकल युनिटला नेलं. नक्की कुठे ते सांगायची परवानगी नाही. टीव्हीवर दिवसभर युद्ध चालू असतं, हिरव्या उजेडात ठिपके उडतात आणि कुणीतरी टाय लावून नकाशावर काठी फिरवतं. दिसतं सगळं. पण माझा मुलगा कशात उभा आहे ते त्यातून मला काही म्हणजे काही कळत नाही.

त्याने डॉक्टर होऊन फौजेत जायची कॅडेटशिप इथल्या आर्मीकडून घेतली तेव्हा तू लिहिलं होतंस, ‘तुम्ही काय करता आहात ते तुम्हाला कळत नाही.’ मला वाटलं, तुला राणीच्या फौजेचा राग आहे. मी तुला वाटेल ते लिहिलं. आता वाटतं, तू राणीबद्दल बोलतच नव्हतास.

प्रश्न मी प्रबंधासाठीच विचारते आहे. तरी लवकर उत्तर दे.

तुझी,
प्रमोदिनी


नॉटिंगहॅम
६ मार्च १९९१

ती. दादास, नमस्कार.

युद्ध थांबल्याचं तू ऐकलंच असशील. यशोधन धडधाकट आहे. इतके दिवस हे वाक्य लिहायला हात शिवशिवत होता, म्हणून ते आधी लिहिलं.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष देण्याइतकी मी भोळी नाही. तू सांगणार नाहीस हे मला जानेवारीअखेरीसच मनातून कळलं, आणि मग मी तेच प्रश्न यशोधनला पाठवले. यांना ते आवडलं नाही. म्हणाले, “अगं, तो तिथे ड्यूटीवर आहे, तुझा रिसर्च असिस्टंट म्हणून गेलेला नाही.” मी म्हटलं, त्यालाही बोलायला कुणीतरी हवंच ना. आणि अट घातली की उत्तरं मराठीत लिहायची. तिथे तंबूत सगळे एकमेकांची पत्रं वाचतात, म्हणून मराठी. म्हणजे त्याला मी तसं सांगितलं. खरं तर मला त्याचं मराठी हवं होतं. इंग्रजीत तो सगळ्या जगाचा असतो.

त्याला आपली लिपी येत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. निळ्या, घडीच्या, फौजेच्या फुकट पत्रांवर. वाचताना मोठ्याने वाचावं लागतं, तेव्हा कळतं. आणि दादा, तो शाळा इंग्रजीत शिकला, क्रिकेट इंग्रजीत खेळला, डॉक्टर इंग्रजीत झाला. मराठी तो फक्त माझ्या स्वयंपाकघरात बोलला, मी पोळ्या करत असताना टेबलाशी बसून. त्यामुळे त्याच्याजवळ मराठी शब्द आहेत ते सगळे तिथलेच. तेवढ्या शब्दांत त्याने मला युद्ध लिहिलं.

थोडं उतरवून पाठवते, त्याच्या चुकांसकट.

‘आई, सायरन झाला की मास्क घालायचा. आतमध्ये खूप गरम होते, कुकरमध्ये बटाटा असतो तसा मी असतो.’

‘तोफ लांब असली की तू वरवंटा जमिनीवर ठेवते तसा आवाज येते. जवळ असली की आवाज नाही येत, पोटातला जेवण हलते.’

‘ऑइलचे विहीर जळतात. तुझी फोडणी करपली आणि खिडकी बंद आहे, असा वास. पण खिडकी नाहीच कुठे. दुपारी आकाश तव्याच्या खालच्या बाजूसारखी आहे.’

मी तुला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती ती सगळी. खरं सांगते, वाचताना आई पत्र मिटून ठेवत होती आणि अभ्यासक हरखून गेली होती. माझ्या इजिप्तच्या शाळामास्तरांनी मुलांना सैन्यात जाण्यापासून परावृत्त करायला एक धडा लिहिला आहे. सैनिकाच्या पाठीवर गाढवासारखं ओझं, पाठ मोडलेली, प्यायला घाण वास मारणारं पाणी. तेवढा एक वास सोडला तर राजांच्या भिंतींवर वास कुठेच नाही. तोडलेल्या हातांचे ढीग कोरले आहेत, शेजारी कारकून मोजायला बसले आहेत, नाकाला पदर लावलेला एकही नाही. उन्हाळ्यातलं इजिप्त, आणि त्या ढिगावर एक माशीसुद्धा नाही. आणि त्यांचे स्वतःचे मेलेले सैनिक तर त्या भिंतींवर तुला सापडणारच नाहीत. माझं वासाचं प्रकरण अडलं होतं ते इथेच. यशोधनच्या पत्रांनी ते सुटलं. पंधरा दिवसांत पन्नास पानं लिहिली.

शेवटचं पत्र परवा आलं. कुवेतच्या बाहेर एका रस्त्यावर जळलेल्या गाड्यांची रांग आहे, तिथे त्याच्या लोकांना पाठवलं होतं. जिवंत कुणी आहे का ते बघायला. कुणी नव्हतं. त्यात एक ओळ आहे, ती मी तुला लिहीत नाही.

तो महिनाअखेरीस घरी येईल. काय काय करायचं त्याची यादी मनात सुरू आहे. आल्यावर तू त्याच्याशी फोनवर दोन शब्द तरी बोल. माझ्यावरचा राग माझ्यापुरता ठेव.

तुझी,
प्रमोदिनी


नॉटिंगहॅम
२ जून १९९१

ती. दादास, नमस्कार.

एप्रिलमध्ये तुझा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले. इतक्या वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तू ना कशी आहेस विचारलंस ना काही. “पोरगा जेवतो का?” एवढंच विचारलंस. मी म्हटलं, “जेवतो हो, चांगला जेवतो.” तू “बरं” म्हणून फोन ठेवलास. तो प्रश्न तू का विचारलास ते मला तेव्हा कळलं नव्हतं. खोटं मात्र झटकन आलं तोंडात.

तो जेवत नाही, दादा. घरात जेवत नाही.

आला त्या दिवशी मी पहाटेपासून रांधत होते. तो येऊन टेबलाशी त्याच्या खुर्चीवर बसला. दाढी केलेला, थोडा वाळलेला, हसत होता. मी तेल तापवलं, मोहरी टाकली, ती तडतडली. वळून बघते तो खुर्ची रिकामी. मागच्या बागेत कुंपणाशी उभा होता, घराकडे पाठ करून. मी हाक मारली तर म्हणाला, “सॉरी आई, इट्स फाइन, तू कर, मी येतो.” आला नाही. तेव्हापासून पेट्रोल पंपावरचं चीज सँडविच आणतो आणि गाडीत बसून खातो. काच खाली करून, भर पावसात. मी उकडलेलं, थंड, बिनफोडणीचं सगळं करून पाहिलं. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतो आणि त्याचा चेहरा असा होतो की मीच म्हणते, राहू दे.

हे म्हणतात, वेळ द्यायला हवा. यांचा आयुष्यभराचा धंदाच भूल देऊन माणसाला काही जाणवू न देण्याचा, त्यांना हे सोपं आहे, असं मी एकदा बोलून गेले. ते बॅग उचलून हॉस्पिटलला गेले. नंतर गॅरेजमध्ये दोघंही गाडीत बसून सँडविच खाताना दिसले. मी खिडकीपासून बाजूला झाले.

काय झालं आहे ते मला फार उशिरा कळलं. तिथे जे होतं ते इंग्रजीत राहिलं असतं, दादा. फौजेचे शब्द, डॉक्टरचे शब्द, त्यांत गुंडाळून त्याने ते तिथेच कुठेतरी ठेवलं असतं. मी त्याला म्हटलं, मराठीत लिही. त्याला मराठी शब्द हवे झाले की तो माझ्या स्वयंपाकघरात येणार, दुसरं मराठी त्याने पाहिलेलंच नाही. एकेक गोष्ट उचलून तो इथे घेऊन आला. तवा, कुकर, वरवंटा, फोडणी, सगळ्यांना ते चिकटवून ठेवलं. मीच मागितलं होतं. आता तो या खोलीत येतो तेव्हा त्याला तिथे जावं लागतं.

तुला न लिहिलेली ती ओळ आता लिहिते. ‘गाडीमध्ये माणसं बसलेली होती. तू गॅसवर वांगं भाजते ना आई, तसे.’

मी भरीत करणं सोडलं आहे. पण मी याहून वाईट केलं, ते सांगायला हे पत्र घेऊन चार दिवस बसले आहे.

गेल्या आठवड्यात केंब्रिजला माझा पेपर होता, वासाच्या प्रकरणावर. बाईंनी मोठमोठ्या लोकांना बोलावलं होतं. मी बिनफोडणीचे डबे करत होते खरी, पण रोज पेपरही घासूनपुसून लखलखीत करत होते. यशोधन म्हणाला, “मी ड्राइव्ह करतो, आई.” मला इतका आनंद झाला की तो हॉलमध्ये येऊन बसेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि मी ते बाजूला ठेवलं असेल.

हातांच्या ढिगाची स्लाइड लावली. म्हटलं, हे कोरणाऱ्याने नाक कापून टाकलं आहे, आता एका आजच्या सैनिकी डॉक्टरचं वर्णन ऐका, म्हणजे भिंतीवर काय नाही ते कळेल. आणि ती ओळ वाचली. इंग्रजीत. तुला मी ती लिहू शकले नव्हते, आणि तिथे साठ-सत्तर परक्या माणसांसमोर स्वच्छ आवाजात वाचली. इंग्रजीत तिचा मला चटका बसत नव्हता. वांग्यासाठी त्यांचा शब्द घेतला आणि पुढच्या रांगेतले दोघं-तिघं ते टिपून घेताना दिसले.

मागच्या ओळीत खुर्ची वाजली. प्रोजेक्टरच्या उजेडात तो उठताना मला दिसला. घाई नाही, काही नाही. कडेच्या माणसाला “एक्स्क्यूज मी” म्हणून बाहेर गेला.

दादा, मी थांबले नाही. पुढची स्लाइड लावली. पेपर पूर्ण केला, प्रश्न घेतले, टाळ्या घेतल्या. एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी येऊन हात हातात घेतला आणि म्हणाले, तो डॉक्टर कोण ते कळेल का, फार मोलाचा साक्षीदार आहे. मी म्हटलं, नाव न सांगायचं कबूल केलं आहे. हे सगळं करून मग मी कारकडे गेले.

तो गाडीत बसला होता. चारी काचा खाली. नॉटिंगहॅमपर्यंत त्या तशाच ठेवल्या. गाडी अगदी नीट चालवली, प्रत्येक वळणाला इंडिकेटर. घराच्या दारात इंजिन बंद केलं आणि समोर बघत म्हणाला,

“ती पत्र तुझ्यासाठी होता, आई. तू विचारलं म्हणून लिहिलं. बाकी कुणी विचारला असता तर मी नसता लिहिला.”

मी सॉरी म्हटलं. इंग्रजीतला शब्द, त्याने इंग्रजीतच उत्तर दिलं, “आय नो.” त्यानंतर माझ्याशी तो मराठी बोललेला नाही. गुड मॉर्निंग म्हणतो, थँक यू म्हणतो. पाहुण्यासारखा वागतो, तेही चांगल्या पाहुण्यासारखा. तो ओरडला असता तर मी त्याच्या पाया पडले असते.

वासाचं प्रकरण मी प्रबंधातून काढलं. बाई चिडल्या आहेत. चिडू देत. प्रकरण काढल्याने त्याला भूक लागत नाही, हे मलाही कळतं.

काल तो बापाला म्हणाला, मामाकडे जायचं आहे. पद्माकरांनी कारण विचारलं तर म्हणाला, “ही वोन्ट आस्क.” मी जिन्यात उभी राहून ऐकलं. वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, देवा, अजून एक तरी घर आहे जिथे त्याला जावंसं वाटतं.

पंधरा तारखेला, शनिवारी पहाटे मुंबईला उतरेल. नंदूला एअरपोर्टवर पाठव. तुझा मुलगा गाडीत गप्प बसत नाही हे मला माहीत आहे, तेवढा वेळ बसेल म्हणावं. वहिनींना सांग, तो जेवायला आला नाही तर बोलवायला जाऊ नका आणि मनाला लावून घेऊ नका. दहीभात व्हरांड्यात नेऊन ठेवला तर चालेल का बघा. शेजारपाजारच्या फोडण्यांना आपण काय करणार. युनिटकडून रजा वाढवल्याचं पत्र आलं आहे, जुलैअखेर त्याला हजर व्हायचं आहे की राजीनामा द्यायचा आहे ते त्याने ठरवायचं. त्यावर मी काही म्हणणार नाही.

जानेवारीतलं माझं ते पत्र फाडून टाक. तोफेचा आवाज आधी कशाला कळतो हे विचारायला माझी जीभ कशी रेटली, कोण जाणे. तू उत्तर दिलं नाहीस ते बरं केलंस.

तुझ्याजवळ इतकी वर्षं जे आहे ते कदाचित त्याला सांगशील. कदाचित तो तुला सांगेल, त्याला हव्या त्या भाषेत. कदाचित दोघं नुसते बसाल. काय बोललात ते मला कळवू नकोस. फोनवर आडून आडून विचारलं तरी सांगू नकोस, मी विचारेन, मला मी ओळखते. मला आता माहिती नको आहे, दादा. मुलगा हवा आहे.

यशोधनची आई,
प्रमोदिनी